मराठी हाताला बसणारा संगणक

नाशिकच्या जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळ, जिल्हा न्यायालयाच्या आसपास, अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करून देणाऱ्यांचे हात पाहण्यासारखे असतात. नजर कच्च्या मसुद्यावर, बोटं कळांवर. पडद्याकडे बघायची गरजच नाही. यातले जुने लोक टंकलेखन यंत्रावर तयार झालेले, रेमिंग्टनचा कळांचा पट त्यांच्या बोटांत मुरलेला. अशा माणसाला नवा संगणक दाखवा, तो रॅम किती हे नंतर विचारेल. आधी विचारेल, ‘यात माझा कीबोर्ड येतो का?’ मला हा प्रश्न शहाणपणाचा वाटतो. आपण बाकीचे वॉलपेपर बदलतो आणि ‘सेटिंग झालं’ म्हणतो.

रेमिंग्टनची अडचण कशी आहे पाहा. यंत्रावर ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी उमटायची, मग क. युनिकोडमध्ये क आधी साठवला जातो आणि वेलांटी नंतर. त्यामुळे नुसती अक्षरं इकडची तिकडे करून रेमिंग्टन मिळत नाही. क्रम उलटवणारं वेगळं सॉफ्टवेअर मध्ये लागतं. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की आपसूक मिळतो तो इन्स्क्रिप्ट. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या इस्की मानकात हाच पट आहे. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. ‘के’वर क, शिफ्ट धरून ख. एकदा हात बसला की गुजराती किंवा कन्नडसाठी वेगळं शिकावं लागत नाही, कळा त्याच. ज्यांना रोमन अक्षरांतूनच मराठी लिहायची सवय आहे, त्यांच्यासाठी विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून ‘मराठी फोनेटिक’ आत बसवलेला आहे. वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही, हे अजून पुष्कळांना माहीत नसतं. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यापायी तासन्‌तास वाया जातात. ‘ॲडव्होकेट’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. त्याआधीच्या फायलींत, आणि आजही अनेकांच्या हातून, अ वर चंद्र देऊन काम भागवलं जातं. डोळ्यांना दोन्ही जवळपास सारखंच दिसतं. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. म्हणून शोध घेतला की निम्म्याच नोंदी सापडतात आणि आपण फाइल हरवली समजतो. ‘दुसऱ्या’मधल्या अर्ध्या ‘र’चंही तेच. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट-जे, मग डी, मग य, अशी सरळ वाट असताना काही जण अदृश्य जोडचिन्ह घालून तोच आकार काढतात. कार्यालयात चार जण टाइप करत असतील तर एकच पद्धत ठरवा आणि जुन्या फायलींत ‘फाइंड-रिप्लेस’ चालवा. मायक्रोसॉफ्टचं ‘कीबोर्ड लेआउट क्रिएटर’ फुकट मिळतं. ॲ किंवा ऱ आपल्या सोयीच्या कळेवर बसवायला ते पुरेसं आहे.

हिशेब करणाऱ्यांना तर त्याहून सोपी गोष्ट हवी असते: १२,३४,५६७ असे लाखाचे स्वल्पविराम. एक्सेल ते १,२३४,५६७ असे दाखवत असेल तर दोष एक्सेलचा नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘रीजन’, तिथे ‘ॲडिशनल सेटिंग्ज’, त्यात ‘डिजिट ग्रुपिंग’. पद्धत एकदा बदलली की काम झालं. त्याच खिडकीत देवनागरी अंक दाखवायचीही सोय आहे, पण बिलं काढायच्या संगणकावर मी तिला हात लावणार नाही.

अक्षरवळणाचा विषय छपाईच्या माणसांना जवळचा. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचं वळण ठरवून दिलं. तरी संगणकावर ल आणि श अनेकदा हिंदी धाटणीचे येतात. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठी ल आणि श आधीच दडलेले असतात. लिब्रे ऑफिसमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली की ते बाहेर येतात. फॉन्ट बदलायची गरजच पडत नाही.

डीटीपीवाल्यांच्या कामाची आणखी एक कळ म्हणजे विंडोज आणि व्ही. आधी ती चालू करावी लागते. मग शेवटचे २५ कॉपी केलेले तुकडे समोर येतात. नेहमीचं कलम किंवा पत्ता पिन करून ठेवला तर यंत्र बंद केल्यावरही टिकतो. पासवर्ड मात्र तिथून लगेच पुसा.

आता वेग. विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केल्यावर यंत्र पूर्ण झोपत नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर प्रणालीचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि सकाळी तोच परत उठतो, कालच्या गुंत्यासकट. यंत्र अडखळत असेल तर ‘रीस्टार्ट’ करा, किंवा शिफ्ट धरून शट डाउन करा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि सुरुवातीलाच जागे होणारे कार्यक्रम बंद करा. प्रिंटरचे आणि चॅटचे तिथे हमखास असतात. रजिस्ट्री साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. फायदा दिसत नाही, नुकसान मात्र कधीकधी पुरं होतं, आणि खुद्द मायक्रोसॉफ्टही त्यांना पाठिंबा देत नाही. जुन्या यंत्रात फिरती हार्ड डिस्क असेल तर यातल्या कशाहीपेक्षा एसएसडी बसवल्याने जास्त फरक पडतो. आणि दिवाळीच्या साफसफाईत कॅबिनेटही उघडा. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशी गाठतो. पंख्यावर धुळीचा थर असेल तर प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही चिप आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चालतीबोलती पुष्कळ यंत्रं अचानक ‘जुनी’ ठरली. चार जीबी रॅमवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती व्यवस्थित चालते. लिनक्सवर मराठीची आबाळ होईल असं वाटत असेल तर तसं नाही: आयबस आणि एम१७एन ही सॉफ्टवेअरं बसवली की इन्स्क्रिप्ट, फोनेटिक, मिंग्लिश, गमभन असे कितीतरी पट निवडीला मिळतात. विंडोजपेक्षाही जास्त. फक्त सही करायचं किंवा कर भरायचं एखादं विशिष्ट सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असेल, तर आधी पेनड्राइव्हवरून मिंट चालवून पाहा; डिस्क न पुसता तसं करता येतं.

जुनं यंत्र पुसण्याआधी किंवा भंगारात देण्याआधी एवढं करा. त्यात श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमधला मजकूर आहे का ते पाहा. हे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवतात. फॉन्ट गेला की वडिलांचं आत्मचरित्र निव्वळ इंग्रजी अक्षरांचा खच दिसू लागतं. फॉन्टच्या फायली मजकुरासोबत जपा आणि त्याची एक प्रत युनिकोडमध्ये करून घ्या.