खो दिला की बसावं लागतं

‘‘अगं आई, तू आणि बास्केटबॉल?’’ लेक हसून हसून बेजार झाली होती. मांडीवर दीड महिन्याचा नातू, शेजारी झबल्या-टोपड्यांचा ढीग आणि माझे डोळे टीव्हीवर. पडद्यावर दहा उंचनिंच मुली एका चेंडूमागं धावत होत्या आणि मी भान विसरून ओरडत होते, ‘‘अगं दे ना तिला! मोकळी उभी आहे ती!’’

गोष्ट २००८ सालची. लेकीच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल या गावी गेले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी. साठवलेली रजा आणि वर थोडी बिनपगारी, असं करून जानेवारी ते मे असा मुक्काम ठरवला होता. बाळाची अंघोळ, शेकशेगडी, लेकीचे डिंकाचे लाडू हे सगळं दुपारपर्यंत आटपायचं. मग खिडकीतून बाहेरची थंडी बघत बसायचं.

शेजारच्या घरात सत्तरीच्या एक बाई एकट्याच राहायच्या. बाळाला बघायला आल्या त्या मक्याच्या पिठाचा गरम पाव घेऊन. अंगात नारिंगी स्वेटर, कानात नारिंगी डूल. मला वाटलं, असेल आवडता रंग. पण दुकानात जावं तर तिथंही नारिंगी टोप्या, गाड्यांवर नारिंगी झेंडे. लेक म्हणाली, ‘‘इथल्या युनिव्हर्सिटीचा रंग आहे तो. मॅच असली की आपल्याकडची जत्राच समज.’’

आपल्याकडं कॉलेजची मॅच म्हटली की खेळणारे दहा आणि बघणारे वीस. तिकडं तसं नाही. राज्यातल्या माणसांना आपल्या विद्यापीठाचा संघ म्हणजे घरचं कार्य वाटतं. पण मला खरं नवल वाटलं ते पुढंच. नॉक्सव्हिलच्या बास्केटबॉलची ख्याती पुरुषांपेक्षा मुलींच्या संघामुळं जास्त होती. ‘लेडी व्हॉल्स’ त्यांचं नाव. आणि त्यांच्या प्रशिक्षक होत्या पॅट समिट.

फेब्रुवारीत एके दिवशी शेजारच्या मावशींनी (मी त्यांना मनातल्या मनात मावशीच म्हणायचे) दार वाजवलं. त्यांची मैत्रीण आजारी होती, एक तिकीट जादा होतं. लेक म्हणाली, ‘‘जा गं, दोन तास मी बघते बाळाला.’’ घालायला नारिंगी काय आहे म्हणून बॅग उपसली, तर लग्नाकार्यासाठी ठेवलेली केशरी साडी निघाली. साडी, वर जावयाचा जाडजूड कोट, पायात बूट! त्या थाटात मी वीस हजारांहून जास्त माणसं बसतील अशा बंदिस्त स्टेडियममध्ये शिरले. चार अनोळखी बायकांनी थांबवून साडीचं कौतुक केलं.

खेळ काय, तासाभरात कळला. एका बाजूला पाचजणी. जाळीत चेंडू गेला की दोन गुण, लांबून टाकला तर तीन. मला मात्र त्यातलं एकच दिसत होतं, ते म्हणजे पळणं. अशा पळणाऱ्या मुलीला मी फार वर्षांपूर्वी बघितलं होतं. आमच्या अक्काला.

परत येताना मावशी गाडीत बोलायला लागल्या. माझं इंग्रजी शाळामास्तरणीचं आणि त्यांचं डोंगराकडचं, पण जुळून गेलं. वडील दुसऱ्याच्या शेतात वाट्यानं तंबाखू लावायचे. घरात भावंडं सात. कोंबड्यांचं खाद्य फुलाफुलांच्या कापडी पोत्यांतून यायचं, आई ती पोती उसवून मुलींचे फ्रॉक शिवायची. म्हणजे आमच्यासारखंच! आमची आई वाण्याकडून मैद्याची रिकामी पोती आणून आमचे आतले कपडे शिवायची. मी त्यांना बहात्तरच्या दुष्काळाचं सांगितलं. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा. मावशींनी गाडी हळू केली. ‘‘मिलो? अगं, ती तर इथं जनावरांना घालतात.’’ मग थोड्या वेळानं म्हणाल्या, ‘‘कोंबड्यांच्या खाद्याची पोती आम्ही घातली आणि जनावरांचं खाद्य तुम्ही खाल्लंत. झाली फिट्टंफाट!’’ दोघी हसलो. हसता हसता डोळ्यांत पाणी कधी आलं, ते कळलंच नाही.

मावशी शाळेत असताना बास्केटबॉल खेळायच्या. पण त्या काळी टेनेसीतल्या शाळांत मुलींचा खेळ वेगळा. सहा-सहाजणींचा संघ. तिघींनी मैदानाच्या अर्ध्या भागात फक्त गोल करायचे, तिघींनी दुसऱ्या अर्ध्यात फक्त अडवायचं. मधली रेघ ओलांडायची नाही. का? तर पूर्ण मैदान पळणं मुलींच्या नाजूक प्रकृतीला झेपायचं नाही! ‘‘आणि घरी मी दोन मैलांवरून पाणी आणायचे,’’ मावशी म्हणाल्या. टेनेसीत हा नियम १९७९ साली गेला. मावशींचा खेळ शाळेबरोबरच संपला होता. म्हणून त्या आता एकही मॅच चुकवत नव्हत्या.

पॅट समिट यांची गोष्टही मावशींनीच सांगितली. पुढं मी ती लेकीकडून वाचून घेतली.

पॅट यांचा जन्म १९५२चा, टेनेसीतल्याच शेतकऱ्याच्या घरातला. गाई, तंबाखू, गवताच्या गंज्या. वडील कडक. तीन थोरल्या भावांबरोबर ही पोर गोठ्याच्या माळ्यावर, गवताच्या पेंढ्या बाजूला सारून बास्केटबॉल खेळायची. हायस्कूलला जायची वेळ आली, तर त्यांच्या भागातल्या शाळेत मुलींचा संघच नव्हता. वडिलांनी काय करावं? बिऱ्हाड हलवलं! शेजारच्या तालुक्यात संघ होता, म्हणून घरच तिकडच्या हद्दीत नेलं. पुढं कॉलेजात भावांना खेळासाठी शिष्यवृत्त्या मिळाल्या. पॅटला नाही, कारण मुलींना तेव्हा तशी शिष्यवृत्तीच नव्हती. फी आईवडिलांनी भरली.

१९७४ साली, वयाच्या अवघ्या २२व्या वर्षी त्या टेनेसीच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. पगार महिना अडीचशे डॉलर. संघाची गाडी स्वतः चालवायच्या, मुलींचे गणवेश स्वतः धुवायच्या. आणि ते गणवेश कसले, तर डोनट विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेले! त्यांचा एक नियम मला मास्तरणीला फार आवडला. खेळाडूनं वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं. त्यांच्याकडं पूर्ण मुदत खेळलेली प्रत्येक मुलगी पदवीधर होऊनच बाहेर पडली.

या सगळ्यात १९७२ हे साल आलं आणि मी थबकले. त्या वर्षी जून महिन्यात अमेरिकेत ‘टायटल नाइन’ नावाचा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, असं त्यानं सांगितलं. त्या एका कायद्यानं शाळा-कॉलेजांतल्या मैदानांची दारं मुलींना उघडली.

आणि आमच्याकडं १९७२ला काय झालं? पाऊस पडला नाही.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं, म्हणजे मुळातच पावसाशी वाकडं. त्या वर्षी विहिरी तळाला गेल्या, बैल विकले. मी १२ वर्षांची, सातवीत. अक्का १५ची, नववीत. अक्का खो-खो खेळायची. खेळायची म्हणजे काय, पोरं झाडावर चढून तिचा खेळ बघायची. पळता पळता अशी हुलकावणी द्यायची की मागची मुलगी तोंडावर आपटायची. आणि खांबावर सूर मारायची तो तर घारीसारखा. गुडघे कायम फुटलेले. त्यावर हळद लावताना आई म्हणायची, ‘‘अगं, उद्या पाव्हणं बघाया येत्याल, न् गुडघं असलं!’’

त्या वर्षी अक्काची तालुक्याच्या संघात निवड झाली. सामने साताऱ्याला. एसटीचं भाडं आणि पांढरे कॅनव्हासचे बूट एवढंच लागणार होतं. आणि नेमकं तेव्हाच तलावाचं दुष्काळी काम निघालं. घरातली जितकी माणसं खडी फोडायला जातील तितका आठवड्याचा पगार. रात्री दादा चुलीपुढं बसून म्हणाले, ‘‘दोघींतल्या एकीला कामावर यावं लागंल.’’ आई काही बोलली नाही. मी गोधडीत तोंड घालून पडले होते. झोपल्याचं सोंग! माझं नाव निघू नये म्हणून देवाचा धावा चालला होता. तेवढ्यात अक्काचा आवाज आला, ‘‘म्या येते. धाकटीला शिकू द्या. तिचं गणित चांगलं हाय.’’

अक्का त्यानंतर शाळेत गेली नाही. दोन वर्षांत तिचं लग्न झालं. मी शिकले, डी.एड. केलं, बाई झाले. ही गोष्ट आम्ही दोघींनी कधी काढली नाही. सणावाराला भेटायचो, मी तिला चांगलं लुगडं घ्यायचे. पण त्या रात्री मी जागी होते, हे मी तिला ३६ वर्षांत सांगितलं नव्हतं.

इकडं मार्च संपत आला तसं नॉक्सव्हिल पेटलं. देशभरातले ६४ संघ आणि एकदा हरला की घरी. कँडेस पार्कर ही लेडी व्हॉल्सची सगळ्यांत भारी खेळाडू. उपांत्य फेरीआधीच्या सामन्यात तिचा डावा खांदा दोनदा निखळला. बांधून परत आली आणि २६ गुण केले! मी आणि मावशी एकमेकींचे हात धरून बसलो होतो. उपांत्य सामना लुइझियानाशी. शेवटच्या काही सेकंदांत टेनेसी एका गुणानं मागं. पार्कर चेंडू घेऊन पूर्ण मैदान पळाली, पण समोर भिंतच उभी. तिनं चेंडू दुसरीला दिला. दुसरीचा नेम चुकला. तिसरी, ॲलेक्सिस हॉर्नबकल, कुठूनशी आली आणि तिनं तो जाळीत घातला. घड्याळात उरला होता पाऊण सेकंदही नाही. ४७-४६!

दोन दिवसांनी, ८ एप्रिलला अंतिम सामना झाला. स्टॅनफर्डला ६४-४८ हरवून टेनेसीनं आठवं विजेतेपद मिळवलं. बाहेर गाड्यांचे भोंगे वाजायला लागले. मला मात्र राहवेना. तिकडं रात्रीचे साडेदहा-अकरा, म्हणजे आपल्याकडं सकाळ. कॉलिंग कार्डाचे ते लांबलचक आकडे दाबले आणि भाच्याच्या मोबाइलवर अक्काला बोलावून घेतलं.

‘‘काय गं, बाळ बरं हाय न्हवं?’’ ती घाबरलीच.

मी तिला सगळं सांगितलं. पॅटच्या बापानं पोरीच्या खेळासाठी बिऱ्हाड हलवलं, तेही सांगितलं. ती म्हणाली, ‘‘चांगला बाप. आपल्या दादांकडं हलवायला व्हतं काय गं? भिताडं?’’ त्यात राग नव्हता. मग मी सांगून टाकलं, ‘‘अक्का, त्या रात्री मी जागी होते. गप्प पडून राहिले.’’

फोनवर नुसती खरखर. मला वाटलं कार्ड संपलं.

‘‘मला ठावं हाय,’’ अक्का म्हणाली. ‘‘तू झोपल्यावर घोरायचीस, त्या रातीला घोरत नव्हतीस.’’ आणि मग म्हणाली, ‘‘खो-खोत काय असतंय? पाठीवर थाप देऊन खो म्हणायचं न् तिच्या जागी आपण बसायचं. म्या खो दिला, तू पळालीस. खो दिला की बसावं लागतं. उभं राहिलं तर फाऊल व्हतंय.’’

त्या रात्री मला झोप आली नाही.

पॅट समिट यांना २०११ साली स्मृतिभ्रंशाच्या आजारानं गाठलं. २०१२मध्ये त्या निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांच्या नावावर १०९८ विजय होते. जून २०१६मध्ये, वयाच्या ६४व्या वर्षी त्या गेल्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आमच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत धावली. ती दहावी आली. आम्ही दोघी बहिणी टीव्हीपुढं बसून होतो. पळणाऱ्या पोरी आमच्या मातीत पहिल्यापासून होत्याच. त्यांना खो देणारं कुणी तरी पाहिजे होतं.

पण शेवटी सांगायचं आहे ते २००८च्याच हिवाळ्यातलं. अमेरिकेहून परत आले आणि शाळा सुटल्यावर मुलींना खो-खोला थांबवायला लागले. माझी शाळा तेव्हा अक्काच्या सासरच्या गावाला लागूनच होती. सहावीतली एक पोरगी वाऱ्यासारखी पळायची. तालुक्याला संघ न्यायचा, तर तिचा बाप अडून बसला. ‘‘बाई, दोन दिवस शेळ्या कोण राखायच्या?’’ बूट मी घेऊन देणार होते, भाडं भरणार होते, पण शेळ्यांवर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अक्काच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्या वस्तीवर हजर! हातात काठी, फडक्यात भाकरी. बापाला म्हणाली, ‘‘दाखव कुठली कुठली जनावरं हायेत. दोन दिस म्या बघते.’’

आमचा संघ दुसऱ्याच फेरीत हरला. पोरगी रडत परत आली. अक्का तिच्या दारातच शेळ्या बांधत होती. तिनं पोरीचे फुटलेले गुडघे बघितले आणि विचारलं,

‘‘खांबावर सूर मारलास का?’’

पोरीनं नाक पुसत मान हलवली, ‘‘मारला.’’

‘‘मग झालं तर,’’ अक्का म्हणाली आणि तिनं हळदीचा डबा मागितला.