डाक-सर्व्हरच्या डेटाबेसची झाडलोट

कचेरीतील बारनिशीत एखादी नोंद बदलावयाची झाल्यास कारकून जुनी नोंद खोडून नवी खाली लिहितो. खोडलेली नोंद निरुपयोगी होते. परंतु वहीतील जागा अडवून राहतेच. पोस्टग्रेस या डेटाबेसची लेखनपद्धती अशीच आहे. ओळ बदलली वा पुसली, तरी जुनी ओळ तत्काळ नाहीशी होत नाही. कारण त्याच क्षणी दुसरा कोणी ती वाचीत असण्याचा संभव असतो. अशा मृत ओळींची जागा पुनर्वापरास मोकळी करण्याच्या क्रियेस ‘व्हॅक्यूम’ म्हणतात. २००८ सालच्या ८.३ या आवृत्तीपासून ती मुळातच स्वयंचलित ठेवलेली असते.

ही झाडलोट केव्हा व्हावी, याचा मूळ नियम असा : मृत ओळी, ५० अधिक कोष्टकातील एकूण ओळींचा पाचवा हिस्सा, यांहून अधिक झाल्या पाहिजेत. १,००० ओळींच्या कोष्टकात २५० ही मर्यादा योग्यच होय. परंतु १ कोटी ओळींच्या कोष्टकात २० लाखांवर मृत ओळी साचेपर्यंत काहीच घडत नाही. कोल्हापुरातील एखाद्या विद्यापीठाचा डाक-सर्व्हर निकालाच्या दिवसांत कसा राबत असेल, हे ध्यानी घ्यावे. प्रत्येक पत्रागणिक नव्या नोंदी होतात, जुन्या पुसल्या जातात. म्हणून अशा मोठ्या कोष्टकापुरते प्रमाण ०.२ ऐवजी ०.०१ ठेवावे, म्हणजे सुमारे १ लाख मृत ओळींनंतरच काम सुरू होते.

झाडणारे हात वाढविणे हा मात्र पुरेसा उपाय नव्हे. मूळ मांडणीत तीन कामकरी असून २०० ही खर्चमर्यादा त्या सर्वांत विभागली जाते. मर्यादा तीच ठेवून कामकरी वाढविल्यास प्रत्येकाची गती तेवढी मंदावते. तेव्हा आधी मर्यादा वाढविणे इष्ट.

गर्दीच्या वेळी व्हॅक्यूम बंदच करावा, असा मोह पुष्कळांना होतो. तो घातक आहे. लेखन-व्यवहारांचे क्रमांक ३२ बिटांचे असून ते चक्राकार फिरतात. सुमारे २१४ कोटी व्यवहारांच्या आत जुन्या ओळी ‘गोठविल्या’ नाहीत, तर त्या भविष्यकालीन भासून अदृश्य होतील. गोठविण्याचे कामही व्हॅक्यूमचेच. ते मागे पडल्यास डेटाबेस नवे लेखन नाकारतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये मँड्रिल या ई-मेल सेवेवर हाच प्रसंग ओढवला व तिचे काम सुमारे ४० तास विस्कळीत झाले.

तात्पर्य, झाडलोट थोडी थोडी, पण वारंवार व्हावी. साचू दिलेले काम शेवटी सर्व व्यवहार थांबवूनच करावे लागते.