गाडीतील अ‍ॅम्प्लिफायर : सारी मदार दोन तारांवर

कंपनीने बसवून दिलेल्या स्टिरिओवर समाधान न मानता गाडीत स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर आणि डिकीत सबवूफर बसवून घेणारे हौशी वाहनधारक शहरांतून कमी नाहीत. मुंबईतील ऑपेरा हाऊस असो वा पुण्यातील नाना पेठ, सुट्या भागांच्या बाजारात ग्राहक वॉटचा आकडा, स्पीकरचा आकार आणि किंमत यांची कसून चौकशी करतो. त्या अ‍ॅम्प्लिफायरला वीज पोहोचविणारी तार कोणती आणि अर्थिंग कुठे होणार, हे प्रश्न मात्र फिटरवर सोडून दिले जातात. वास्तविक आवाजाचा दर्जा, बॅटरीचे आरोग्य आणि गाडीची सुरक्षितता या तिन्ही गोष्टींची मदार याच दोन तारांवर असते.

व्होल्ट कमी, अँपिअर अधिक

घरातील वीज २३० व्होल्टची असते, त्यामुळे २,००० वॉटचा गिझरही ९ अँपिअरच्या आसपासच प्रवाह घेतो. गाडीतील व्यवस्था १२ व्होल्टची आहे. इंजिन सुरू असताना हा दाब साधारण १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत जातो. दाब इतका कमी असल्याने तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह कितीतरी पटीने वाढतो. ५०० वॉट (आरएमएस) क्षमतेचा ‘क्लास डी’ अ‍ॅम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षम आहे असे धरले, तर पूर्ण शक्तीला त्याला ६२५ वॉट, म्हणजे सुमारे ४५ अँपिअर लागतात. गिझरच्या पाचपट प्रवाह पायाखालच्या गालिच्याखालून जाणार, हे येथे ध्यानात घ्यायला हवे.

बॅटरीपासून डिकीपर्यंतचे अंतर छोट्या गाडीतही सुमारे ५ मीटर भरते. एवढ्या अंतरासाठी घरातील एसीला वापरतात तशी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार टाकली, तर ४५ अँपिअरला जवळपास १ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो आणि ४० वॉटहून अधिक उष्णता तारेत निर्माण होते. गालिच्याखाली दबलेल्या तारेतून ही उष्णता सहज बाहेर पडत नाही. हेच काम २१ चौरस मिलिमीटरच्या, म्हणजे बाजारात ‘४ गेज’ म्हणून मिळणाऱ्या तारेने केले, तर दाबातील घट ०.२ व्होल्टच्या आत राहते. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, हेही लक्षात ठेवलेले बरे. संगीतात पूर्ण शक्ती अखंड लागत नाही हे खरे. पण ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला ती क्षणभर लागतेच. त्या क्षणी दाब कोसळला, की आवाज फाटतो.

स्वस्त संचातील तारांबाबत विशेष सावध राहावे. अनेकदा त्या वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६० टक्केच असल्याने अशी तार घ्यायचीच असेल, तर ती बरीच अधिक जाड घ्यावी लागते. काही तारांत वरचे प्लास्टिकचे आवरणच जाड असते आणि आतील धातू बेताचा. त्यामुळे तार तिच्या बाह्य जाडीवरून न पारखता टोक सोलून पाहणे इष्ट.

फ्यूज तारेसाठी

अ‍ॅम्प्लिफायरवर फ्यूज असतोच, मग आणखी एक कशाला, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. अ‍ॅम्प्लिफायरवरील फ्यूज त्या उपकरणापुरता असतो. बॅटरीपासून डिकीपर्यंतच्या ५ मीटर तारेचे आवरण वाटेत कुठे घासून फाटले आणि ती पत्र्याला टेकली, तर बॅटरी काही शे अँपिअरचा प्रवाह सोडू शकते. तार क्षणार्धात लाल होऊन पेट घेण्याचा धोका येथेच असतो. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून ४५ सेंटिमीटरच्या आत बसवितात. त्याची क्षमता अ‍ॅम्प्लिफायरच्या गरजेहून थोडी अधिक, परंतु तारेच्या सहनशक्तीहून कमी असावी. वरील उदाहरणात ६० अँपिअरचा फ्यूज योग्य ठरेल. वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणे किंवा तो तारेने जोडून टाकणे म्हणजे आगीला आमंत्रणच होय.

इंजिन आणि केबिन यांच्यामधील पत्र्यातून तार नेताना छिद्राला रबरी ग्रोमेट हवेच. अन्यथा इंजिनाच्या कंपनांनी पत्र्याची धार आवरण कापत राहते.

अर्थिंगची जागा

ऋण बाजूचा प्रवाह गाडीच्या सांगाड्यातून बॅटरीकडे परततो. जेवढा प्रवाह धन तारेतून येतो तेवढाच परत जायचा असल्याने अर्थची तारही तितकीच जाड आणि शक्यतो अर्ध्या मीटरहून आखूड असावी. जोडणीच्या जागेचा रंग घासून चकचकीत धातू उघडा करावा, लग बोल्टने घट्ट आवळावा आणि नंतर गंज चढू नये म्हणून वरून रंग किंवा ग्रीस लावावे. सीटबेल्टचे बोल्ट यासाठी वापरू नयेत. ते प्राणरक्षणाच्या कामी आहेत. नवे छिद्र पाडण्यापूर्वी खाली इंधनाची टाकी वा नळी नाही ना, हे वाकून पाहावे.

अर्थिंग चांगले झाले की नाही, हे ओहम मोजून नीट कळत नाही, कारण साध्या मल्टिमीटरच्या तारांचाच रोध त्याहून अधिक असतो. त्याऐवजी संगीत मोठ्याने वाजत असताना अ‍ॅम्प्लिफायरचे ऋण टोक आणि बॅटरीचे ऋण टोक यांमधील दाब लांब तार जोडून मोजावा. तो ०.२ व्होल्टच्या आत असेल तर जोडणी ठीक. अर्धा व्होल्ट भरला तर ती पुन्हा करावी. इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू येत असेल, तर दोष बहुधा अर्थिंगमध्येच असतो. स्टिरिओकडून येणारी सिग्नलची केबल वीजवाहक तारेपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेणे त्यासाठीच श्रेयस्कर.

काम सुरू करताना बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडवावे आणि सर्व जोडण्या तपासून ते शेवटी जोडावे. अ‍ॅम्प्लिफायर चालू-बंद करणारी बारीक ‘रिमोट’ तार स्टिरिओलाच जोडावी. ती थेट बॅटरीला जोडल्यास अ‍ॅम्प्लिफायर रात्रभर चालू राहतो आणि सकाळी गाडी सुरू होत नाही. कंपनीच्या मूळ वायरिंगला छेद दिल्यास वॉरंटीचा वाद उद्भवू शकतो. गाडीच्या मूळ किमतीत नसलेल्या विद्युत उपकरणांसाठी मोटार विम्यात जादा हप्ता भरून संरक्षण घेता येते, तेव्हा तशी नोंद करून घ्यावी. काम झाल्यावर अर्धा तास संगीत वाजवून तार, फ्यूज आणि जोडण्या यांवर हात ठेवून पाहावा. हाताला चटका बसत असेल, तर गाडी तशीच घरी न नेता फिटरकडून ते काम तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यावे.