खोगीरभरती

विद्यार्थ्यांच्या निबंधांतील पोकळ मजकुरावर 'खोगीरभरती' असा तांबड्या शाईचा शेरा मारण्यांत आमचें आयुष्य गेलें. शेरा योग्य खरा. परंतु ज्या वस्तूवरून हा शब्द निघाला तिच्यावर भाषेनें अन्यायच केला आहे. घोड्याच्या खोगिरांत भरती हेंच सर्वस्व. पाठीचा कणा भार सोसण्यासाठीं नाहीं. स्वाराचें ओझें कण्याच्या दोहों बाजूंच्या मांसल भागानें पेलावयाचें असतें. भरती भरदार व सारखी असेल तर कणा मोकळा राहतो. ती दबली, कीं खोगीर हाडाशीं भिडतें. स्वार बसल्यावरही पुढील कमानीखालीं दोन-तीन बोटें सहज जावयास हवींत. (खोगीर, जीन, तंग, रिकीब, लगाम हे सारे शब्द फारसीच्या वाटेनें आले; संस्कृत 'पर्याणा'चें 'पलाण' कोशांतच राहिलें.)

शिरूरच्या वाचकांस घोडा परका नाहीं. गांवास घोडनदी हेंच दुसरें नांव. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं येथें इंग्रजांची छावणी होती, आणि ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं येथूनच निघालेलें पायदळ व घोडदळ दुसऱ्या दिवशीं कोरेगांवीं पेशव्यांच्या फौजेसमोर उभें ठाकलें. आतां ती छावणी नाहीं. घोडा मात्र आहे. बैलगाड्यांच्या शर्यतींस मुभा देणारा राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयानें १८ मे २०२३ रोजीं वैध ठरविला, आणि या भागांतील शर्यतींत गाड्यापुढें घोडी धांवविण्याचा रिवाज आहे. त्या घोडीचा तंग सैल राहिला तर स्वार पडावयाचा कोठें? मागून येणाऱ्या बैलांच्या पायांत! तंग आवळतांना पुष्कळ घोडे पोट फुगवून धरतात. म्हणून एकदां आवळून घोडा चार पावलें चालवावा आणि मग पुन्हां पहावा.

रिकिबीचें माप सोपें आहे. हाताचीं बोटें वादीच्या वरच्या टोकास लावून रिकीब काखेपर्यंत पोंचली, कीं लांबी साधारण जमली. पाऊल चवड्यापर्यंतच आंत घालावें. माथेरानास हौसेनें मुलांस घोड्यावर चढविणाऱ्या आईबापांनीं हें अवश्य पहावें. मोठ्यांच्या रिकिबींतून मुलाचें पाऊल आरपार जातें. पडलेलें मूल बहुधा खरचटून उठेल. पाय अडकलेलें मूल घोड्यामागें फरफटत जाईल. टांचेचा जोडा व हनुवटीखालीं पट्टा बांधलेलें शिरस्त्राण नसेल तर मुलास वर बसवूंच नये. फोटो घोड्याशेजारीं उभें राहूनही निघतो.

सवारीनंतर खोगीर उतरवून पाठीवरचा घाम पहावा. सर्वत्र ओल सारखी असावी; मध्येंच कोरडा ठिपका दिसला तर तेथें दाब अधिक पडतो असें समजावें. तसेंच चालूं दिल्यास त्या जागीं पांढरे केंस उगवतात. घोडा घेतांना आपले लोक अंगावरचे भोंवरे मोजतात. खोगिराखालच्या या पांढऱ्या ठिपक्यांविषयीं मात्र कोणी विचारीत नाहीं.

चामड्यावरील घाम त्याच दिवशीं ओल्या फडक्यानें पुसावा, कारण त्यांतील मीठ चामडें कडक करतें. जीन सावलींत वाळवावें; उन्हांत किंवा चुलीपाशीं नव्हे. तेल बेतानेंच द्यावें. अति तेलानें वाद्या ढिल्या पडतात व शिवण कुजते. लगामाचें तोंडांतील लोखंड दर वेळीं धुवावें, आणि पौषांतल्या पहांटे तें तळहातांत क्षणभर ऊब देऊन मगच घोड्याच्या तोंडांत घालावें.