घरी केलेले विमान आणि चूक दुरुस्त करायची रीत



विमान कुठे तयार होते? असे विचारले तर सगळे म्हणतील, मोठ्या कारखान्यात. माझा आजा पण तेच म्हणाला. मी सांगितले की माणसे घरी सुद्धा विमान करतात, तर आजा म्हणाला, "घरी इमान करत्यात व्हय? ती काय बैलगाडी हाय का?" पण ही गोष्ट खरी आहे. ती सुद्धा परदेशातली नाही, आपल्या महाराष्ट्रातली आहे. गुरुजींनी आम्हाला वर्तमानपत्रातली माहिती वाचून दाखवली. ती मी माझ्या भाषेत लिहीत आहे.

गच्चीवरचे विमान

कॅप्टन अमोल यादव हे वैमानिक आहेत. त्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात आहे. म्हणजे आपल्यासारखेच सह्याद्रीच्या डोंगरातले. ते मुंबईला कांदिवलीत राहत होते. त्यांनी आपल्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले! खेळण्यातले नव्हे, सहा माणसे बसतील असे.

आता बघा, गच्चीवर सामान न्यायचे म्हणजे जिन्यावरून न्यायचे. जड जड यंत्रे आणि लोखंड त्या जिन्यावरून वर चढवले. आपल्याकडे माळ्यावर भाताचे पोते चढवायचे तर चार माणसे लागतात. मग विमानाच्या सामानाला किती कष्ट पडले असतील?

त्यांचे पहिले विमान १९९८ साली सुरू झाले होते. ते जमले नाही. मग दुसरे केले. त्यालाही आकाश मिळाले नाही. कोणी म्हटले असते, बास झाले आता, नोकरी आहे ती करा. पण त्यांनी तिसरे करायला घेतले. त्याला पाच-सहा वर्षे लागली. २०१६ सालच्या फेब्रुवारीत मुंबईला मोठे प्रदर्शन भरले होते. तेव्हा हे विमान सुटे करून क्रेनने गच्चीवरून खाली उतरवले आणि प्रदर्शनात लोकांना दाखवले. पुढे २०१७ च्या नोव्हेंबरात सरकारच्या नागरी विमान खात्याने त्याची नोंदणी केली. विमानाला पण मोटारीसारखा नंबर असतो. आपल्या देशातल्या विमानांचा नंबर व्ही आणि टी या अक्षरांनी सुरू होतो. २०१९ साली चाचणीसाठी उडवायचा परवाना मिळाला आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या.

१९९८ ते २०२० म्हणजे किती वर्षे झाली? वजाबाकी करून बघा. बावीस! माझ्या वयाच्या दुप्पट, आणि वर दोन.

पेटीतले विमान

अमेरिकेत आणि दुसऱ्या देशांत घरी विमान करणारे हजारो लोक आहेत. त्यांच्यासाठी विमानाचे किट विकत मिळते. किट म्हणजे सुट्या भागांच्या पेट्या. त्यात ॲल्युमिनियमचे पत्रे, पट्ट्या, नळ्या, रिबिटा आणि नकाशांचे पुस्तक असते. इंजिन आणि पंखा बहुतेक वेळा वेगळा घ्यावा लागतो. लोक ते मोटारीच्या गॅरेजात जोडत बसतात. कोणाला दोन वर्षे लागतात, कोणाला दहा. अमेरिकेत असा नियम आहे की अर्ध्यापेक्षा जास्त काम करणाऱ्याने स्वतः शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी केलेले असले पाहिजे, तरच ते घरी केलेले विमान समजतात.

पत्रे जोडायला रिबिटा मारतात. रिबीट म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. घरच्या कढईचा कान बघा. त्याला जी गोल डोकी दिसतात त्या रिबिटा. विमानात अशा हजारो रिबिटा असतात. आणि जिथे हजारो भोके पाडायची तिथे एखादे भोक वाकडे पडणारच. मग काय करायचे? पत्रा टाकून द्यायचा? की तसेच दडपून वर रंग द्यायचा?

चूक झाली तर

गुरुजींनी सांगितले की चुकांचे तीन प्रकार करायचे.

पहिला प्रकार, दुरुस्त होणारी चूक. रिबीट वाकडी बसली तर तिचे डोके ड्रिलने हळूच पोखरून ती काढतात आणि नवी बसवतात. भोक थोडे मोठे झाले तर एक नंबर जाडीची रिबीट घालतात. पत्र्यावर ओरखडा आला तर तो घासून गुळगुळीत करतात. तुम्ही म्हणाल, ओरखड्याने काय होते? पण विमान उडताना सारखे थरथरते आणि पत्रा ओरखड्याजवळच चिरायला लागतो. सायकलची जुनी ट्यूब जिथे बारीक चिरलेली असते तिथूनच फाटत जाते ना, तसे.

दुसरा प्रकार, दुरुस्त न होणारी चूक. भोक पत्र्याच्या कडेच्या फार जवळ पडले तर ते बुजवून भागत नाही. नियम असा आहे की रिबीट जेवढी जाड, त्याच्या निदान दुप्पट अंतर भोकाच्या मधल्यापासून कडेपर्यंत पाहिजे. रिबीट ३ मिलिमीटरची असेल तर अंतर ६ मिलिमीटर पाहिजे. त्यापेक्षा कमी असेल तर जोर आल्यावर कड फाटते. कागदाला अगदी काठावर भोक पाडून दोरा ओढा, लगेच फाटेल. जरा आत पाडा, फाटणार नाही. अशी चूक झाली तर तो भाग टाकून नवीन करायचा. पैसे जातात, पण जीव जात नाही.

तिसरा प्रकार म्हणजे लपवलेली चूक. ही सगळ्यात वाईट. कारण पहिल्या दोन चुका जमिनीवर सापडतात आणि ही आकाशात सापडते. बैलगाडीचे चाक निखळले तर गाडी रस्त्यात उभी राहील. विमान ढगात उभे राहत नाही. म्हणून घरी विमान करणारे लोक रोजची वही ठेवतात. आज काय केले, काय चुकले, ते तारखेसह लिहितात, फोटो काढतात. पत्रे बंद करायच्या आधी दुसऱ्या जाणत्या माणसाला बोलावून आतले काम दाखवतात. आपली चूक आपल्याला दिसत नाही, दुसऱ्याला पटकन दिसते. शुद्धलेखनाची वही शेजारच्याला तपासायला देतात तेव्हा हे सगळ्यांना कळते!

राईट बंधूंनी काय केले

विमानाचा शोध लावणारे विल्बर आणि ऑर्व्हिल राईट हे भाऊ सायकलीचे दुकान चालवायचे. ते काही कॉलेजात शिकलेले नव्हते. १९०१ साली त्यांनी बिनइंजिनाचे विमान केले. त्याला ग्लायडर म्हणतात. हिशेबाप्रमाणे ते जेवढे उचलायला पाहिजे होते त्याच्या फक्त तिसऱ्या हिश्श्याएवढे उचलत होते. दोघे फार नाराज झाले. पण मग त्यांच्या ध्यानात आले की पुस्तकातले छापलेले आकडे पण चुकीचे असू शकतात. त्यांनी लाकडाची सहा फूट लांब पेटी केली, तिच्यातून पंख्याने वारा सोडला आणि आत छोटे छोटे पंख ठेवून मोजले. असे सुमारे दोनशे पंख तपासले. मगच खरे आकडे सापडले.

१९०३ साली इंजिनाचे विमान तयार झाले तेव्हा पंखा फिरवायचा दांडा तडकला. ऑर्व्हिल आगगाडीने घरी गेला आणि नवीन मजबूत दांडे घेऊन आला. १४ डिसेंबरला विल्बर बसला, त्याने विमानाचे नाक फार वर उचलले, विमान थांबले आणि वाळूत आदळले. पुढचा भाग मोडला. त्यांनी तो दुरुस्त केला. आणि १७ डिसेंबर १९०३ ला विमान १२ सेकंद उडाले! १२० फूट गेले. त्याच दिवशी दुपारपर्यंत ५९ सेकंद आणि ८५२ फूट गेले. चौदा तारखेची चूक त्यांना समजली नसती तर सतरा तारीख आली नसती.

आपण काय करू शकतो

खरे विमान करायला पैसे, परवाना आणि मोठी माणसे लागतात. पण चुका कशा सुधारायच्या ते लहान ग्लायडरवर शिकता येते. थर्माकोल नको. आपल्या मुळशीत बांबू भरपूर आहे. एवढे सामान घ्या: ३० सेंटिमीटर लांब बांबूची सरळ कामटी, एक कार्डशीट, डिंक, दोरा आणि थोडी भिजवलेली माती.

कार्डशीटचा पंख २४ सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद कापा. तो मधोमध थोडा दुमडा म्हणजे दोन्ही टोके जरा वर राहतील. उडताना गिधाडाचे पंख असेच वर असतात. त्याने विमान कलले तरी परत सरळ होते. शेपटीचा आडवा पंख १० सेंटिमीटर लांब आणि ४ रुंद, आणि उभा पंख ५ सेंटिमीटर उंच. शेपूट कामटीच्या मागच्या टोकाला चिकटवा. मोठा पंख पुढच्या बाजूला दोऱ्याने बांधा, म्हणजे मागेपुढे सरकवता येतो. नाकावर माती लावा.

आता तोल बघा. पंखाच्या रुंदीचे तीन सारखे भाग करा. पुढचा एक भाग संपतो तिथे दोन्ही बाजूंना खालून एकेक बोट धरा. विमान आडवे राहिले तर तोल बरोबर. शेपूट खाली गेली तर माती वाढवा. नाक खाली गेले तर कमी करा.

मग मऊ गवतावर उभे राहून सरळ, हळू सोडा. भिरकावू नका. पहिल्यांदा बहुतेक विमाने पडतातच. त्याची कारणे अशी:

१. विमान नाक वर करते, थांबते, पडते, परत नाक वर करते. म्हणजे नाक हलके आहे. चिमूटभर माती वाढवा.

२. विमान सरळ जमिनीत घुसते. म्हणजे नाक जड आहे. माती कमी करा, किंवा शेपटीच्या आडव्या पंखाची मागची कड केसभर वर वळवा.

३. विमान डावीकडे वळते. पहिल्यांदा मोठा पंख पिळला आहे का ते पुढून डोळा मिटून बघा. तो सरळ असेल तर उभ्या पंखाची मागची कड उजवीकडे थोडी वळवा.

४. कधी असे कधी तसे जाते. म्हणजे काहीतरी सैल आहे. दोरा घट्ट बांधा. आणि वारा असेल तर थांबा. ताम्हिणीकडून भणाण वारा सुटला की कोणतेच ग्लायडर नीट जात नाही.

एक मोठा नियम आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोनदा सोडून बघायचे. माती पण वाढवली, शेपूट पण वाकवली, तर कशाने सुधारले ते कळणारच नाही. काय बदलले ते वहीत लिहा.

विमान वर का राहते असे लहान मुले विचारतात. वहीचा पुठ्ठा वाऱ्यात थोडा तिरपा धरा. वारा त्याला वर ढकलतो. पुठ्ठा वाऱ्याला खाली वळवतो, आणि वारा पुठ्ठ्याला वर उचलतो. पंखाचे तसेच आहे. फार तिरपा धरला तर तो नुसता मागे ढकलला जातो. विल्बरचे १४ तारखेला हेच झाले. (एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून हा प्रयोग कोणी करू नये.)

आई-वडिलांना विनंती

मी हा लेख आजाला वाचून दाखवला. आजाने सगळे ऐकले आणि म्हणाला, "आमच्या टायमाला सुतार नांगर करायचा, तो पण दोनदा मापायचा आन् एकदा कापायचा. तुमचं इमान आमच्या नांगराचंच भाऊबंद हाय म्हणायचं." मला ते पटले.

म्हणून एक विनंती आहे. मुलांनी घरी येऊन सांगितले की गणित चुकले, पाटी फुटली, विळीने दोर कापला, तर लगेच मारू नका. मार बसला की मूल पुढच्या वेळी चूक सांगत नाही, लपवते. आणि लपवलेली चूक सगळ्यात वाईट, हे वर लिहिलेच आहे. आधी विचारा, ही पहिल्या प्रकारची का दुसऱ्या प्रकारची? दुरुस्त होणारी असेल तर मुलाकडूनच करून घ्या. होणारी नसेल तर नवीन करायला शिकवा. उद्या आपल्या गावातले एखादे पोर मोटार दुरुस्त करील, कोणी धरणावर इंजिनियर होईल, कोणी दवाखान्यात नर्स होईल. त्या कामांत पण चूक वेळेवर सांगणारा माणूस लागतो.

भित्तिपत्रकाच्या खाली दोऱ्याला एक ग्लायडर टांगले आहे. ते काढून पटांगणात उडवून बघायला हरकत नाही. मोडले तर गुरुजींना सांगा आणि शेजारच्या वहीत लिहा. डिंकाची बाटली खिडकीत ठेवली आहे.

इयत्ता चौथी
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ता. मुळशी, जि. पुणे