दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या मोटारीची निगा

तुरीची पोती वखारीत लावण्यापूर्वी आपण दाणा दाताखाली धरून त्यातील ओलावा पाहतो, जमिनीवर फळ्या अंथरतो आणि मगच थप्पी रचतो. ओला माल साठविला तर तो बुरसतो, हे व्यापाऱ्याच्या मुलास कोणी शिकवावे लागत नाही. लाखो रुपयांची मोटार मात्र आपण नुसते कुलूप लावून सोडून देतो आणि चार महिन्यांनी ती निमूटपणे चालू होईल अशी अपेक्षा धरतो. उभे वाहन झिजत नाही, हा समज सर्वथा चुकीचा होय.

बीदर व कलबुर्गी या सीमाभागात असे प्रसंग वारंवार येतात. चातुर्मासात अनेक श्रावक-श्राविका प्रवासास मर्यादा घालून घेतात. कोठे मुले पुण्या-मुंबईस राहतात व घरी मोटार चालविणारे कोणी उरत नाही. मार्च 2020 मध्ये करोनाने झालेला देशातील पहिला मृत्यू कलबुर्गीतच नोंदला गेला आणि त्याच महिन्याच्या 25 तारखेपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. तेव्हा असंख्य वाहने आठवडेच्या आठवडे जागची हलली नाहीत. अशा वेळी रात्री रुग्णास सोलापूर वा हैदराबादेस न्यावयाचे झाले आणि मोटार चालूच झाली नाही, तर हानी केवळ पैशाची राहत नाही. म्हणून पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात.

प्रथम जागेचा विचार. मातीच्या जमिनीतून पावसाळ्यात सतत ओल वर येते व तळाच्या पत्र्यास गंज चढतो. शहाबादी फरशी किंवा सिमेंटची कोरडी जमीन उत्तम. मोटार धुऊन, विशेषतः तळाला व चाकांच्या आत चिकटलेली काळी माती काढून, पूर्ण वाळवावी. वर सुती आच्छादन घालावे. प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली वाफ कोंडते.

दुसरी गोष्ट इंधनाची. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण वाढले की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंधन-पंप नेमका तेथूनच इंधन ओढतो. टाकी भरलेली असेल तर आत हवा व ओलावा यांस वाव कमी राहतो. इंजिनातील वंगणतेल जुने असल्यास आधी बदलावे. वापरलेल्या तेलात आम्ल व ओलावा साचलेला असतो.

बॅटरी हा सर्वांत नाजूक भाग. मोटार बंद असतानाही घड्याळ, कुलूपयंत्रणा इत्यादींना थोडी वीज लागतच असते. नेहमीची पूर्ण भारित बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखविते; 12.4 च्या खाली उतरलेली बॅटरी दीर्घकाळ तशीच राहिल्यास आतील शिशाच्या पट्ट्यांवर कठीण थर जमतो व तिचे आयुष्य घटते. यास्तव ऋण टोकाची तार आधी सोडावी व पुन्हा जोडताना ती शेवटी जोडावी. महिन्यातून एकदा मापन करून गरजेप्रमाणे बॅटरी भारित करावी. विजेवर चालणाऱ्या मोटारीचे नियम वेगळे आहेत. तेथे कंपनीची पुस्तिकाच प्रमाण मानावी.

टायरांत हवा पूर्ण भरावी व पंधरवड्यातून एकदा वाहन हातभर पुढे-मागे ढकलावे, म्हणजे एकाच जागी दाब पडून टायर चपटे होणार नाहीत. हातब्रेक ओढून ठेवू नये. दमट हवेत तो जागीच धरून बसतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत.

अडत दुकानाशेजारी उभ्या मोटारीस उंदरांचा उपद्रव ठरलेलाच. तारांची आवरणे कुरतडली गेली तर दुरुस्ती महाग पडते. विष घालणे आपल्या आचारास रुचणारे नाही, आणि मेलेला प्राणी इंजिनात अडकल्यास दुर्गंधीही सुटते. त्यापेक्षा जवळ धान्य व पोती ठेवू नयेत, आत खाद्यपदार्थांचा कण राहू देऊ नये आणि धुराड्याच्या तोंडास बारीक जाळी बांधावी. जाळी बांधल्याची चिठ्ठी सुकाणूचक्रास अडकवावी, म्हणजे ती काढण्याचा विसर पडणार नाही.

आठवड्यातून पाच मिनिटे इंजिन चालू ठेवण्याची प्रथा लाभाऐवजी अपायच करते. एवढ्या अवधीत इंजिन पुरेसे तापत नाही, ज्वलनातून निघालेले पाणी धुराड्यात साचून राहते आणि बॅटरीची खर्ची पडलेली वीजही भरून येत नाही. चालवावयाची तर अर्धा तास रस्त्यावर चालवावी, अन्यथा स्वस्थ राहू द्यावी.

शेवटी कागदपत्रे. वाहन उभे आहे म्हणून विमा खंडित होऊ देऊ नये. आग व चोरी उभ्या वाहनासही चुकत नाहीत, आणि मुदत संपल्यावर 90 दिवसांत नूतनीकरण न केल्यास, दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत गमवावी लागते.

पुन्हा बाहेर काढताना जाळी व ठोकळे काढावेत, तेल, पाणी व हवा तपासावी, ब्रेक अंगणातच पारखावा आणि मगच रस्ता धरावा. ज्या घरी एकच मोटार आहे व वृद्ध मंडळी आहेत, त्यांनी मात्र ती पूर्ण बंद न ठेवता नियमाने चालती ठेवणेच श्रेयस्कर. साठविलेला माल वेळेवर उपयोगी पडला तरच साठवणीचे सार्थक; मोटारीचेही तसेच आहे.