जुन्या कार्यप्रणालीची अपडेट्स कुठे अडतात?

लेखांक नववा

कार्यप्रणालीची अधिकृत मुदत कशी ठरते, तसेच मुख्य सहाय्यकाल आणि विस्तारित सहाय्यकाल यांत काय फरक असतो, याचा विचार मागील लेखांकात झाला. मुदत संपली म्हणजे निर्माती कंपनी नवी अपडेट्स काढणे थांबवते, इतकाच अर्थ सर्वसाधारण वापरकर्ता घेतो, आणि जी अपडेट्स आधीच निघून गेली आहेत ती तरी केव्हाही मागितली तर मिळतील, असे गृहीत धरतो. हे गृहीतक टिकत नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये बाजारात आलेली विंडोज ७ ही प्रणाली आज मूळ डीव्हीडीवरून एखाद्या संगणकावर नव्याने बसवली, तर जानेवारी २०२० मध्ये मुदत संपेपर्यंत तिच्यासाठी निघालेली शेकडो अपडेट्स तिला आपोआप मिळत नाहीत. शोध सुरू होतो आणि अखेर पडद्यावर एक सांकेतिक त्रुटिक्रमांक उमटतो, ज्यावरून सामान्य माणसाला काहीही बोध होत नाही. नवी अपडेट्स न निघणे हा व्यापारी निर्णयाचा भाग आहे. निघालेली अपडेट्स यंत्रापर्यंत न पोहोचणे ही मात्र निराळी, तांत्रिक स्वरूपाची आणि कमी समजून घेतली गेलेली अडचण आहे.

तिचे मूळ असे की अपडेट आणणारा भाग हाही एक सॉफ्टवेअरच असतो, आणि तोही उरलेल्या प्रणालीइतकाच जुना होतो. हा भाग प्रथम कंपनीच्या सर्व्हरशी कूटबद्ध, म्हणजे मधल्या कोणालाही वाचता येणार नाही अशा, जोडणीने संपर्क साधतो. नंतर यंत्रावर काय आहे आणि काय नाही याचा ताळा घेतो. मग हव्या त्या फाइली उतरवून घेतो, त्या खऱ्याखुऱ्या कंपनीकडूनच आल्या आहेत का हे तपासतो, आणि शेवटी त्या जागच्या जागी बसवतो. यांतील प्रत्येक टप्पा जगात त्या त्या काळी मान्य असलेल्या संकेतांवर आधारलेला असतो, आणि हे संकेत बदलत राहतात.

सर्वांत कळीचा टप्पा खरेपणाच्या तपासणीचा आहे. फाइलीतील सर्व मजकुरावर एक गणिती प्रक्रिया करून त्यातून ठरावीक लांबीची एक संख्या काढली जाते, जिला ‘हॅश’ असे म्हणतात. मूळ फाइलीत एका अक्षराचा बदल झाला तरी ही संख्या पूर्णपणे बदलते. कंपनी आपल्या गुप्त किल्लीने या संख्येवर डिजिटल सही करते, आणि ग्राहकाचे यंत्र ती सही पडताळून पाहते. जुन्या काळी खलित्यावर जे काम लाखेची मोहोर करी, तेच येथे ही सही करते. मोहोरेची नक्कल करता आली की खलित्यावरचा विश्वास संपतो. तसाच प्रकार २०१२ साली ‘फ्लेम’ या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने करून दाखवला. एमडी५ या जुन्या हॅशपद्धतीतील दोष वापरून त्याच्या कर्त्यांनी मायक्रोसॉफ्टचे वाटावे असे बनावट प्रमाणपत्र तयार केले, आणि स्थानिक जाळ्यातील यंत्रांना विंडोज अपडेटच्या नावाखाली आपला माल स्वीकारायला लावले. अपडेटची वाट हल्लेखोरांना इतकी मोलाची वाटते याचे कारण उघड आहे: त्या वाटेने येणाऱ्या फाइलीला यंत्र न विचारता सर्वाधिकार देते. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्राम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच बाहेर पडला, आणि मेर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून तो पसरला तेव्हा न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले.

एमडी५ नंतरची एसएचए-१ ही पद्धत १९९५ पासून प्रचारात होती. तिच्यातील सैद्धांतिक दुबळेपणा २००५ मध्येच दाखवला गेला होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गूगल यांनी एकच एसएचए-१ हॅश असलेल्या दोन निरनिराळ्या पीडीएफ फाइली प्रत्यक्ष तयार करून दाखवल्या, तेव्हा वादाला जागा उरली नाही. मायक्रोसॉफ्टने आपली अपडेट्स एसएचए-२ या अधिक भक्कम पद्धतीने सही करून देण्याचे ठरवले. विंडोज ७ ला ती सही वाचता यावी म्हणून मार्च २०१९ मध्ये दोन अपडेट्स दिली गेली: एक केबी ४४९०६२८, ज्याने अपडेट बसवणारी अंतर्गत यंत्रणा सुधारली, आणि दुसरे केबी ४४७४४१९, ज्याने नव्या सहीची ओळख करून दिली. ज्या यंत्रांनी ती वेळेवर घेतली त्यांचे पुढे सुरळीत चालले. परंतु २०२० च्या उन्हाळ्यानंतर कंपनीने एसएचए-१ वर चालणारे अपडेटचे सर्व्हरही बंद केले, आणि त्यानंतर नव्याने बसवलेली विंडोज ७ अशा पेचात सापडली की नवी सही वाचायला शिकवणारे अपडेट तिला हवे, पण ते आपोआप आणून देणारा तिला समजणारा मार्गच शिल्लक नाही. सुटकेचा उपाय एकच राहतो: दुसऱ्या, अद्ययावत संगणकावर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग या संकेतस्थळावरून ही दोन अपडेट्स उतरवून घ्यायची, पेनड्राइव्हने जुन्या यंत्रावर न्यायची, आणि विंडोज ७ चा सर्व्हिस पॅक १ हा दुरुस्तीसंच आधीपासून आहे याची खात्री करून, वर दिलेल्या क्रमानेच बसवायची. क्रम चुकला तर हाती पुन्हा त्रुटिक्रमांकच येतो.

सुरक्षेसाठी जुनी सही रद्द करण्यात कंपनीची चूक नव्हती. चूक असेल तर ती एवढीच, की मागे राहिलेल्यांना ओलांडून येण्यासाठी लागणारा पूल कॅटलॉगच्या कोपऱ्यात ठेवला गेला, आणि त्रुटीच्या खिडकीत त्याचा साधा उल्लेखही नाही.

दुसरी अडचण ताळा घेण्याच्या टप्प्यावरची आहे, आणि संगणकशास्त्राच्या दृष्टीने ती सर्वांत उद्‌बोधक म्हणावी लागेल. एखादे अपडेट जुन्या अपडेटची जागा घेते तेव्हा कोणी कोणाची जागा घेतली याची साखळी कंपनीच्या यादीत नोंदवलेली असते. इंटरनेट एक्सप्लोररसाठी निघणारे प्रत्येक संचयी अपडेट, म्हणजे मागील सर्व दुरुस्त्या पोटात घेऊन येणारे अपडेट, आपल्या आधीच्याची जागा घेई, आणि विंडोज एक्सपी बारा वर्षे चालू राहिल्यामुळे ही साखळी अतिशय लांब झाली. ती तपासण्याची रीत अशी होती की साखळीतील प्रत्येक नव्या दुव्यागणिक लागणारा वेळ सुमारे दुप्पट होई. परिणामी २०१३ च्या अखेरीस जगभरातील एक्सपी यंत्रांवर एसव्हीसीहोस्ट नावाची प्रक्रिया प्रोसेसरची सगळी शक्ती तासन्‌तास खाऊ लागली, आणि तेही केवळ काही नवे आले आहे का हे पाहण्यासाठी. मायक्रोसॉफ्टने यादीतील कालबाह्य दुवे काढून टाकून जानेवारी २०१४ मध्ये यावर इलाज केला. त्याच वर्षी ८ एप्रिलला एक्सपीचीच मुदत संपली.

हाच आजार पुढे विंडोज ७ ला जडला. नव्याने बसवलेल्या प्रणालीवर ‘अपडेट्स शोधत आहे’ ही पट्टी रात्रभर सरकत राहण्याचा अनुभव दुरुस्तीच्या दुकानांत नित्याचा झाला होता. २०१६ मध्ये कंपनीने पाच वर्षांची बहुतेक अपडेट्स एकत्र बांधून केबी ३१२५५७४ हा गठ्ठा दिला, पण तो बसवण्यापूर्वी एप्रिल २०१५ चे केबी ३०२०३६९ असणे आवश्यक होते. आणि ऑक्टोबर २०१६ पासून सुटी अपडेट्स देणे थांबवून महिन्याला एकच संचयी गठ्ठा देण्याची पद्धत सुरू झाली. आधीची रीत वापरकर्त्याला निवडीचे स्वातंत्र्य देणारी होती, नवी रीत ते हिरावून घेणारी आहे, अशी टीका त्या वेळी झाली; ती रास्त असली तरी जुन्या रीतीचा भार यंत्रांना पेलवत नव्हता, हेही तितकेच खरे आहे.

उरलेल्या अडचणी थोडक्यात सांगता येतात. कूटबद्ध जोडणीचा टीएलएस हा संकेत आवृत्तीगणिक बदलत जातो. एक्सपीला त्याची केवळ १.० ही पहिली आवृत्ती येते, तर आजचे बहुतेक सर्व्हर १.२ च्या खाली बोलतच नाहीत, आणि म्हणून एक्सपीतील इंटरनेट एक्सप्लोरर ८ मधून कॅटलॉगचे पान उघडण्याचा प्रयत्नही वाया जातो. संकेतस्थळाच्या खरेपणाची हमी देणाऱ्या मूळ प्रमाणपत्रांनाही मुदत असते. असेच एक, लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचा आधार असलेले, प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपले, आणि ज्या जुन्या यंत्रांत तिचे नवे मूळ प्रमाणपत्र पोहोचले नव्हते त्यांना असंख्य संकेतस्थळे एकाएकी अविश्वसनीय वाटू लागली. कधी कारण याहून क्षुल्लक असते: मदरबोर्डवरील बटण सेल संपल्याने घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, आणि त्या तारखेला प्रमाणपत्र अजून जारीच झालेले नसल्यामुळे यंत्र प्रत्येक जोडणी नाकारते. इतर सर्व उपाय करण्यापूर्वी तारीख पाहावी, हा दुरुस्ती करणाऱ्यांचा शिरस्ता शहाणपणाचा आहे.

लिनक्स परिवारात जुन्या प्रणालीची अडचण वेगळ्या रूपात येते. उबुंटूच्या एखाद्या आवृत्तीची मुदत संपली की तिचा सॉफ्टवेअरसाठा नेहमीच्या पत्त्यावरून हलवून जुन्या आवृत्त्यांच्या सर्व्हरवर ठेवला जातो, डेबियन तो आपल्या अभिलेखागारात नेतो, आणि ३० जून २०२४ रोजी मुदत संपलेल्या सेंटओएस ७ चा साठा ‘व्हॉल्ट’मध्ये गेला. यंत्र जुन्याच पत्त्यावर विचारणा करत राहते आणि फाइल सापडत नसल्याचे उत्तर येते. पत्त्यांच्या यादीत बदल केला की बहुधा काम भागते. निघालेले प्रत्येक पॅकेज जपून ठेवण्याची ही शिस्त व्यापारी कंपन्यांनी घेण्यासारखी आहे.

आता व्यापारी बाजू. मुदत संपलेल्या प्रणालीसाठी दुरुस्त्या लिहिल्या जात नाहीत, हे विधानही अक्षरशः खरे नसते. एक्सपीची मुदत संपताना ब्रिटिश सरकारने एका वर्षाच्या खास सहाय्यासाठी सुमारे ५५ लाख पौंड मोजले. दुकानांतील बिलिंग यंत्रांसाठी असलेल्या, एक्सपीवरच बेतलेल्या पीओएसरेडी २००९ या आवृत्तीला एप्रिल २०१९ पर्यंत दुरुस्त्या मिळत राहिल्या. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामने जगभर हाहाकार माजवला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठीही तातडीने दुरुस्ती खुली केली, त्या फाइलीवरील डिजिटल सहीची तारीख मात्र फेब्रुवारीची होती. म्हणजे पैसे भरणाऱ्यांसाठी औषध तीन महिने आधीच तयार होते. त्याच प्रसंगाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी: ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य एक्सपीची नव्हती, तर मुदतीत असलेल्या पण मार्चमधील दुरुस्ती न बसवलेल्या विंडोज ७ ची होती. अपडेट उपलब्ध असणे आणि ते बसवलेले असणे यांतील अंतर संस्थांच्या कारभारात तयार होते, आणि तेथे तंत्रज्ञानाला दोष देऊन भागत नाही.

भारतात हे अंतर मिटवण्यासाठी नियामकाला हस्तक्षेप करावा लागला. एक्सपीवर चालणाऱ्या एटीएमविषयी रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये चिंता व्यक्त केली होती. प्रगती मंद दिसल्यावर २१ जून २०१८ च्या परिपत्रकाने सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५० टक्के, मार्च २०१९ पर्यंत ७५ टक्के आणि जून २०१९ पर्यंत सर्व एटीएम मुदतीतील कार्यप्रणालीवर आणण्याचा आदेश बँकांना देण्यात आला. लहान व्यावसायिकाला मात्र असा आदेश नसतो आणि त्याची अडचणही खरी असते. पेजमेकरमध्ये, युनिकोडपूर्व मराठी फाँटांत आणि डाँगल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हार्डवेअर लॉकवर वर्षानुवर्षांचे काम साठवलेल्या छापखान्याला प्रणाली बदलणे म्हणजे तो संग्रहच दुरावणे वाटते. अशा यंत्राला इंटरनेटची जोडणी न देता ते केवळ त्या कामापुरते ठेवावे, आणि फाइलींची ने-आण तपासलेल्या पेनड्राइव्हने करावी, हा मार्ग अर्धवट अपडेट केलेले यंत्र जाळ्यावर ठेवण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. घरगुती वापरकर्त्यांसाठी विस्तारित सुरक्षा अपडेट्सची योजना ३० डॉलर शुल्क भरून, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग्ज जोडल्यास शुल्काविना, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या काळासाठी जाहीर झाली. संस्थांसाठी दर यंत्रामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, असा जास्तीत जास्त तीन वर्षांचा हिशेब ठेवला गेला. या योजनेला २२एच२ ही विंडोज १० ची अखेरची आवृत्ती लागते. त्यामागच्या आवृत्तीवर थांबलेल्या यंत्राला पैसे भरूनही काही मिळत नाही. म्हणून ज्यांना विंडोज १० इतक्यात सोडता येणार नाही त्यांनी आपले यंत्र आधी २२एच२ वर आणावे, अखेरचे संचयी अपडेट आणि त्याला लागणारे अंतर्गत यंत्रणेचे अपडेट कॅटलॉगवरून उतरवून वेगळ्या डिस्कवर जपून ठेवावे, आणि हे काम सर्व्हर अजून उत्तर देत आहेत तोवरच उरकावे.